खाचा

लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं.
वर जायचं तर पैसे, उतरायचं तर फुकट.
तिबिलिसीतल्या या नऊमजली इमारतीचा
एवढाच काय तो धर्म.
पहिल्या दिवशी एकवीस फेऱ्या झाल्या.
बाहुल्यांची पेटी आडवी मावेना, उभी केली,
आतला राजा नवव्या मजल्यापर्यंत
डोक्यावर उभा.

माझी बहीण म्झेविनार हुकूम सोडत होती:
"सोफा इकडे. आरसा दारासमोर नको.
पडदे डाळिंबी घे, मळ दिसत नाही.
आणि भुसा बाल्कनीतच.
घरात आला तर मी इथे पाऊल टाकणार नाही."
भुसा मी आणत नाही, म्झेविनार.
तो येतो केसांतून, बाह्यांतून.
लग्नाच्या घरात तो साखरेच्या डब्यात निघायचा,
आणि त्याचं शेवटी काय झालं
तुला ठाऊक आहे.

बाल्कनीला कुणीतरी काचा लावून घेतलेल्या,
प्रत्येक तावदान वेगळ्या घरचं:
एक खडबडीत, न्हाणीघरातलं,
एकावर अजून चिकटलेली
कुठल्यातरी नव्या वर्षाची कागदी चांदणी.
ती मी खरवडली नाही.
खिळे मारले. करवती लांबीप्रमाणे टांगल्या,
मग उतरवून, हाताला येतील तशा.
भिंतीचा रंग दुकानदार म्हणाला "लोणी",
वाळल्यावर निघाला कावीळ झाल्यासारखा.
असू दे. मागे आजारी भिंत असली
की लाकडी चेहरेही टवटवीत दिसतात.

तीन आठवडे मी घर लावत होते.
कपांना हूक. हुकांना रांग. कपाटाच्या कडीला तेल.
हात म्हणायचे, आज नको, नीट दिवा नाही.
दिवा आला. हात म्हणाले, स्टूल उंच आहे.
स्टूल कापलं. आता ते बुटकं,
आणि मला आणखी आठवडाभर निमित्त.

मग एका मंगळवारी डोळे सांडले.
काळ्या मण्यांची पुडी, चाळीस डोळे,
टपटप जमिनीवर, आणि
निघाले सगळे एकाच दिशेने
(घराला उतार आहे, हे तेव्हा कळलं)
लिनोलियमवरून, सोफ्याखालून,
भिंतीजवळच्या चार खोल खाचांपर्यंत.
तिथे थांबले. एकमेकांना चिकटून
वर बघत राहिले.

खाचा मी पाहिल्या होत्या.
वर गालिचा टाकायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी खालचा बेसारिओन आला,
जिन्याने, नाणं वाचवून,
आंबट आलुबुखारच्या चटणीची बाटली घेऊन.
खाचांकडे बोट करून म्हणाला,
"पियानो. एकतीस वर्षं. बाई शिकवायच्या.
एक मुलगा रोज त्याच जागी चुकायचा,
माझ्या उशीच्या बरोबर वर.
बाई गेल्या. पियानो दोरांनी खाली उतरवला."
मग जरा थांबून, तक्रार करावी तसा:
"तू आल्या आल्या ठोकाठोक करत होतीस.
परवापासून बंद का?"

म्हटलं, घर लागलं.

"तुझं घर लागलं," तो म्हणाला,
"मला झोप कधी लागायची?"

रात्री टेबल ओढत आणलं बाल्कनीतून.
पाय खाचांत बसेनात, टेबल रुंद.
शेजारीच टेकवलं, थोडं डुगडुगतं,
एका पायाखाली रंगाच्या दुकानाची पावती दुमडून.
डोळे वेचले. एकोणचाळीसच भरले.
म्हणून पहिली बाहुली एकाच बाजूने दिसेल अशी कोरायला घेतली:
मान खाली घातलेली एक बाई,
समोर पियानो नाही,
बोटं मात्र पसरलेली.
अंगठा दोनदा बिघडला, एकाच जागी.
साडेदहाला खालून नळावर टकटक झाली.
थांब म्हणाला की चालू दे,
कळलं नाही. मी छिन्नी खाली ठेवली नाही.

रविवारी म्झेविनार येईल.
डाळिंबी पडद्यांची घडी अजून मोडलेली नाही,
आणि भुसा निघालाय
उताराने, सावकाश,
सोफ्याखालून.